दूध उतू जात नाही

कंपनीच्या तक्रारींच्या नंबरवर मी फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात विचारलं, "काय प्रॉब्लेम आहे मॅडम?"

"नवीन इलेक्ट्रिक शेगडी घेतलीय तुमची. तिच्यावर दूध उतू जात नाही."

"म्हणजे दूध गरम होत नाही?"

"होतं की. छान तापतं."

"मग उतू जातंय का?"

"नाही. तीच तक्रार आहे."

तिने मला थांबायला सांगितलं आणि कानात कंपनीची जाहिरात लावून दिली. तिच्यात एक बाई हसत हसत सांगत होती की आता दुधापाशी उभं राहायला नको, तुमचा वेळ तुमच्यासाठी. मी ती जाहिरात पुन्हा पुन्हा ऐकली आणि दर वेळी मला त्या बाईचा जास्त राग आला. शेवटी मुलगी परत आली आणि म्हणाली, "मॅडम, कम्प्लेंट घेते, पण कॅटेगरी सापडत नाहीये." मी म्हटलं, 'इतर'मध्ये टाका.

मला वेड लागलेलं नव्हतं. निदान सुरुवातीला तरी नव्हतं. हे सगळं सुरू झालं तेही दुधामुळेच. माझी आई ऐंशीच्या घरात आहे आणि ठाकुर्लीला, दुसऱ्या मजल्यावर, एकटी राहते. वडील गेल्यापासून मी तिला ठाण्याला आमच्याकडे चल म्हणते आणि ती "बघू" म्हणते. तिच्या "बघू"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. तर एका सकाळी तिने दूध गॅसवर ठेवलं आणि ती खिडकीशी मेथी निवडत बसली. दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच येत राहिला. समोरच्या घरातल्या सुनेला जिन्यात वास आला म्हणून ती धावत आली, तिने शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि मला फोन केला. मी हातातलं सगळं टाकून ठाकुर्ली गाठली, तर आई शांतपणे मेथी धूत होती.

"विसरलीस ना?" मी विचारलं.

"विसरले नव्हते. दुधाकडे पाठ होती माझी, एवढंच."

"आणि वास?"

"सर्दी झालीय मला केव्हाची."

मी घाबरले की भांडते. त्या दिवशी मी खूप घाबरले होते, त्यामुळे भांडणही तसंच झालं. मी म्हटलं, गॅस आजपासून बंद, नाहीतर सामान बांध आणि माझ्याकडे चल. आई म्हणाली, मी माझ्या घरात माझ्या हाताने करून खाणार, ते जमेनासं झालं की बघू. मी म्हटलं, तुझं ते "बघू" आता पुरे. मग तीही बोलली आणि मीही बोलले, आणि समोरची सून आपल्या घरी निघून गेली. या सगळ्यातून मार्ग काढला तो माझ्या नवऱ्याने. त्याने आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून तो घरातल्या प्रत्येक यंत्राचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. त्याने एक इलेक्ट्रिक शेगडी शोधून काढली होती. काचेचा सपाट माथा, काचेखाली तापणाऱ्या चार गोल चुली, खाली ओव्हन. आईची सगळी जुनी पातेली तिच्यावर चालणार होती. आणि मुख्य म्हणजे उकळतं काही पातेल्याच्या काठाशी आलं की ती स्वतःच आच कमी करायची.

"म्हणजे आई, दूध उतू जाणारच नाही," त्याने सांगितलं. "ही उतत नाही, मातत नाही."

आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि ती आमच्या दोघांच्या अपेक्षेबाहेर "आणा" म्हणाली. "माझी एकच अट आहे, जावईबापू. नवी चूल आहे. तिच्यावर आधी दूध उतू घालवायचं. त्याशिवाय मी तिच्यावर पाण्याचा थेंबही तापवणार नाही."

"हो, हो, अर्थात," आम्ही दोघांनी एका सुरात म्हटलं.

आता मागे वळून बघताना वाटतं, तिथेच आमच्यापैकी एकाला ठसका लागायला हवा होता. पण नव्या चुलीवर दूध उतू घालवणं आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्याचा विचार करायची कुणाला गरजच वाटली नाही. आमच्या ठाण्याच्या घरी आम्ही तेच केलं होतं, नणंदेच्या घरी तेच, झाडून सगळ्यांच्या घरी तेच. दूध उतू घालवायचं हे डोक्याच्या एका कप्प्यात होतं आणि दूध उतू जाऊ न देणारी शेगडी दुसऱ्या कप्प्यात. दोन्ही कप्प्यांची कधी गाठच पडली नाही, आणि आम्ही शेगडी मागवली.

शेगडी आली ती प्लगशिवाय. मागून एक जाडजूड वायर निघत होती आणि तिचं टोक तसंच उघडं होतं. नवरा चिडला. एवढी मोठी कंपनी आणि प्लग द्यायला विसरते म्हणजे काय, म्हणत तो वायरीचा फोटो काढून डोंबिवलीच्या बाजारात प्लग शोधायला गेला. दुकानामागून दुकानं फिरल्यावर एकाने त्याला सांगितलं, "काका, याला प्लग नसतो. ही थेट लाइनला जोडायची. तुमच्या घरात तशी लाइन आहे का?" नव्हती. आईच्या स्वयंपाकघरात एक फ्रिजचा प्लग होता आणि एक मिक्सरचा, आणि दोन्ही एकदम चालवले की ट्यूबलाइट डोळे मिचकावायची. मग वीज कंपनीकडून लोड वाढवून घेणं आलं. त्या फेऱ्या नवऱ्याने मारल्या आणि त्याबद्दल तो अजूनही कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत स्वतंत्र वायर टाकायला माणूस शोधायची मात्र सोय नव्हती, कारण तो ठरलेला होता. आईची बिल्डिंग ज्या जागेवर उभी आहे तिथे पूर्वी एका आगरी कुटुंबाची भातशेती होती. त्या घरातला थोरला मुलगा, जो आता स्वतः आजोबा झाला आहे, बिल्डिंग झाली तेव्हा वायरिंग शिकत होता, आणि त्याने हौसेने सगळी बिल्डिंग वायर केली. पुढे त्याची दुकानं झाली, चाळी झाल्या, पांढरी मोठी गाडी झाली. बिल्डिंगमध्ये सगळे त्याला दादा म्हणतात. पण या बिल्डिंगच्या वायरिंगला तो दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. लागलाच तर त्याला वाईट वाटतं, आणि त्याला वाईट वाटलेलं कुणालाच परवडत नाही. तो आला तेव्हा गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी होती आणि शर्टाच्या खिशात टेस्टर.

"मावशे, आयलो. कुठं हाय तुझी नवी चूल?"

त्याने शेगडीच्या पाठीमागे वाकून तिथली पट्टी वाचली आणि शीळ घातली. "एवरा लोड? एवऱ्या लोडावर आमचे हलदीचा डीजे चालतं."

त्याच्या हिशेबात जगातली सगळी वीज आगरी लग्नातल्या हळदीच्या मापाने मोजली जाते, हे मला पुढच्या दोन दिवसांत कळलं. फ्रिज म्हणजे स्टेजवरचा एक पंखा. गिझर म्हणजे गेटवरची रोषणाई. आईची शेगडी म्हणजे स्पीकरच्या भिंतींसकट अख्खा डीजे. नवऱ्याने त्याच्याशी अँपिअरमध्ये बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि तो म्हणाला, "तुमी सर हाव, तुमचा बरोबर हाय. पण डीजे तो डीजेच."

काम चाललं होतं झकास, फक्त मध्ये देव आले. मीटर जिन्याखाली. तिथून वायर वर येऊन दारातून आत शिरली की स्वयंपाकघर समोरच आहे. सरळ रेषेत गेली असती तर काम दुपारपर्यंत संपलं असतं. पण त्या सरळ रेषेत, स्वयंपाकघराच्या दारावरच्या भिंतीत, आईचा देव्हारा आहे.

"देवांच्या डोक्यावरून करंट जाऊ देणार नाही मी," आई म्हणाली.

"आई, करंट वायरीत असतो," नवरा म्हणाला. "बाहेर येत नाही."

"मग देवांच्या पायाखालून नेऊ?" नवऱ्यानेच पुढे विचारलं.

"तोही नको," आई म्हणायच्या आधीच दादा म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. इतकं अवघड वायरिंग त्याच्या वाट्याला बऱ्याच वर्षांत आलं नसावं. तो दारात उभा राहून भिंतींकडे बघत राहिला आणि मग त्याने बोटाने हवेत रेघ काढायला सुरुवात केली. वायर दारातून उजवीकडे वळली, हॉलच्या दोन भिंती चालून बेडरूममध्ये शिरली, आईच्या पलंगामागून कपाटावर चढली, गॅलरीत उतरली, तिथून स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी भोक पाडून आत आली आणि फ्रिजमागून शेगडीपाशी पोचली. थोडक्यात वायरीने देवांना प्रदक्षिणा घातली. देव्हाऱ्याला कुठेही स्पर्श झाला नाही. गॅलरीतल्या तुळशीपाशी आल्यावर पुन्हा प्रश्न निघाला होता, पण तुळस उचलून पलीकडे ठेवता येते, तेवढं आईने मान्य केलं.

शेगडी लागली. वर एक मोठा स्विच बसला आणि त्यात लाल दिवा लागला. दादाने आईला तो दिवा दाखवला, "हा लाल लागला म्हणजे चूल जागी हाय, मावशे," आणि आईने सवयीने दिव्याला हात जोडले. मी हसले नाही. मला कामच इतकं होतं की हसायला फुरसत नव्हती. गॅसची जुनी शेगडी मी खाली भंगारवाल्याला नेऊन दिली, आणि नवऱ्याला सांगून सिलिंडर एजन्सीत परत करून टाकला. आई पुन्हा गॅसकडे वळेल ही भीती होती. परतीचे दोर कापलेले बरे, असं मीच म्हटलं होतं. ते वाक्य पुढे आठवडाभर माझ्या नवऱ्याने मला ऐकवलं.

शुक्रवारी सकाळी आईने शेगडीची पूजा केली. काचेवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि तेही नेमकं पुढच्या बाजूला, जिथे बोट टेकवायची बटणं आहेत तिथे. शेगडीने तीनदा शीळ घातली आणि कुलूप लावून घेतलं. नवऱ्याने माहितीपुस्तक उघडून सांगितलं की बटणांवर ओलं काही असलं की ती बंद होते. मग स्वस्तिक पुसायचं की नाही यावर चर्चा झाली. पूजेचं पुसत नाहीत, असं आई म्हणाली. शेवटी ते पुसायचं नाही, फक्त मागे सरकवायचं, असं ठरलं. म्हणजे इथलं पुसून तिथे नवं काढायचं, पण "पुसलं" म्हणायचं नाही. दादा, समोरची सून आणि आम्ही तिघं असे पाच जण त्या लहानशा स्वयंपाकघरात उभे होतो. आईने नवं कोरं पातेलं पुढच्या मोठ्या चुलीवर ठेवलं, त्यात दूध ओतलं, आणि सगळे दुधाकडे बघायला लागले.

दूध तापलं. साय धरली. कडेने बुडबुडे आले आणि दूध वर चढायला लागलं. आईने पदर सावरला. दूध काठापर्यंत आलं, तिथे थरथरलं आणि खाली बसलं.

"येईल," दादा म्हणाला.

दूध पुन्हा वर आलं, काठाशी थांबलं, आमच्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा खाली गेलं. कितीतरी वेळ ते तसंच वर-खाली करत राहिलं. दुधाला हळूहळू गुलाबी रंग यायला लागला आणि घरात बासुंदीचा वास सुटला. तेव्हा कुठे माझ्या नवऱ्याचा चेहरा बदलला. त्याने हळूच पुस्तक उघडलं, एका पानावर बोट ठेवलं आणि मला दाखवलं. आमच्या डोक्यातल्या दोन कप्प्यांची गाठ त्या क्षणी पडली.

"आई," तो म्हणाला, "हे तिचं फीचर आहे. उतू जाऊ देत नाही ती."

"असेल," आई म्हणाली. "पण दूध उतू गेलेलं नाही."

दादाला वेगळीच काळजी लागली होती. त्याला वाटलं त्याच्या लाइनवर संशय घेतला जातोय. त्याने टेस्टर काढून सगळं तपासलं आणि करंट फुल हाय असं जाहीर केलं. मग त्याने पातेलं काठोकाठ भरून बघायला सांगितलं. भरलं, तर दूध वर यायचंही थांबलं. समोरची सून म्हणाली, पातेलं जरा तिरकं केलं तर? आईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती बिचारी घरी कुकर लावायला गेली. "सांडणं वेगळं आणि उतू जाणं वेगळं," आई म्हणाली. "सांडायचंच असेल तर मोरीत ओता ना."

"मावशेचा बरोबर हाय," दादा म्हणाला. "दूध उतू गेल्याबिगर घर भरत नाय."

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी बासुंदी खाल्ली, म्हणजे आई सोडून सगळ्यांनी. ती म्हणाली, अजून चूल लागलेली नाही, त्यावर शिजलेलं मी कसं खाऊ. तिने दोन केळी खाल्ली.

आणि ती तशीच राहिली. गॅस नव्हता, तो मीच घालवला होता. शेगडी होती, तिला ती हात लावायची नाही. मी रोज फोन करून विचारायचे, काय जेवलीस? ती सांगायची, दडपे पोहे. दुसऱ्या दिवशी काकडीची कोशिंबीर आणि दाणे. तिसऱ्या दिवशी दही-पोहे. समोरची सून वरण-भात देते म्हणायची तर हिला तो कुणाच्या उपकाराचा नको. आवाजात जराही तक्रार नव्हती, त्यामुळे मला घास गिळवेना. मी म्हटलं, आई, असं कसं चालेल, इकडे ये. ती म्हणाली, "अगं, माझं छान चाललंय. चूल लागली की स्वयंपाक सुरू करते." आईला घर सोडायला लागू नये म्हणून मी ही शेगडी आणली, आणि तिच्याच पायी ती कच्चं खाऊन आजारी पडली तर तिला घर सोडावंच लागणार होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. म्हणून मी कंपनीला फोन केला.

कंपनीचा माणूस कल्याणहून आला. तरुण होता, पण फार दमलेला दिसत होता. दारातच त्याने मोबाइलवरची तक्रार वाचून दाखवली.

"मॅडम, इथं लिहिलंय, मिल्क नॉट ओव्हरफ्लोइंग. हे मिस्टेकने आलंय ना?"

"नाही, बरोबर आलंय."

"रोज मी उलटी कम्प्लेंट अटेंड करतो," तो म्हणाला. "काल आंबिवलीला गेलेलो. ती बाई रडत होती, सगळं दूध गेलं म्हणून."

"नशीबवान आहे," आई म्हणाली.

त्याने पाण्याचं भांडं ठेवलं, तपासलं, आणि शेगडी एकदम परफेक्ट आहे असं सांगितलं. आईचा चेहरा उतरला. दादाही आला होता. गाडीतून उतरताना दिसला म्हणजे त्याला कुणीतरी कळवलं असणार. तिघं पुरुष शेगडीभोवती उभे राहिले. एकाने आयुष्यभर उकळण्याचं शास्त्र शिकवलं होतं, दुसऱ्याने डीजेला पुरेल एवढी लाइन टाकली होती, तिसऱ्याला कंपनीने दुधापासून जगाचं रक्षण करायचं ट्रेनिंग दिलं होतं. आणि तिघं मिळून दूध कसं सांडेल याचा विचार करत होते.

"ते सेन्सर काढून टाका ना," दादा म्हणाला.

"काढला तर वॉरंटी जाईल," कंपनीचा माणूस म्हणाला. मग डोकं खाजवत म्हणाला, "तशी मागची डावी आहे ना, छोटी, तिला सेन्सर नाहीये. ती फक्त चहा-बिहा गरम ठेवायला दिलेली असते. तिच्यावर जाईल."

आई खुर्चीतून उठली. तिला उठताना नेहमी टेकावं लागतं, त्या दिवशी लागलं नाही.

मागच्या डाव्या छोट्या चुलीवर पातेलं ठेवलं. दूध तापायला फार वेळ लागला. कंपनीच्या माणसाला तीन फोन येऊन गेले आणि त्याने तिन्ही वेळा सांगितलं, "एका अर्जंट कॉलवर आहे." मग साय धरली, दूध वर आलं, काठाशी आलं, आणि थांबलं नाही. पांढरंशुभ्र दूध पातेल्याच्या चारी बाजूंनी उतरलं, काचेवर पसरलं, मागच्या फटीतून खाली गेलं, आणि फट्ट आवाज होऊन घरातले सगळे दिवे गेले.

"बगा," दादा ओरडला, "मीटरवरचा स्विच पडला. पडायलाच पायजे. फसकलास वायरिंग."

खिडकीतून येणाऱ्या उजेडात आई दुधाला हात जोडून उभी होती. तिने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मी कंपनीच्या माणसाला मिठी मारायची तेवढी राहिले होते. त्याने मोबाइलवर काहीतरी लिहून माझ्याकडून बोटाने सही घेतली. काय लिहिलंय म्हणून मी बघितलं. मिल्क ओव्हरफ्लोइंग प्रॉपरली, कस्टमर सॅटिस्फाइड.

फट कोरडी झाल्यावर दादाने लाइन पुन्हा चालू केली आणि आम्ही ठाण्याला परत आलो. मी खूप दिवसांनी पोटभर जेवले. आईने संध्याकाळी फोनवर सांगितलं, मुगाची खिचडी केली आणि पापड भाजला. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा आई वरण शिजवत होती. मागच्या डाव्या चुलीवर. मग तिने ते उतरवलं आणि तिथेच भात ठेवला. भात उतरवून तिथेच भाजी. बाकीच्या तीन मोठ्या चुलींवर तिने विणलेला रुमाल पसरला होता आणि त्यावर मिठाची बरणी, चहा-साखरेचे डबे आणि दादाने आणून दिलेला छोटा गणपती ठेवला होता.

"आई," मी म्हटलं, "या पुढच्या चुली कशाला आहेत मग?"

"त्या अजून कोऱ्या आहेत. दूध हिच्यावर उतू गेलंय."

"पण हिलाच ते नाहीये. काळजी घेणारं. त्यासाठी तर आपण हे सगळं केलं. ती वायर, ते लोड, तो सगळा डीजे."

आई भाजी ढवळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जिच्यावर दूध उतू जाऊच शकत नाही ती चूल माझ्यावर पाळत ठेवते गं. मी समोर उभी असते, माझे डोळे उघडे असतात, आणि ती माझ्याआधी आच कमी करते. मग मी तिथे कशाला उभी आहे? मला राखणदार नको घरात."

मला राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की मला बोलता येत नाही, तेवढं बरं झालं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. आईने मला बटाट्याची एक फोड चाखायला दिली, मीठ बरोबर आहे का म्हणून. बरोबर होतं. तिच्या हातून मीठ कधी चुकलेलं नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, ही चूल तर ही चूल, पण दूध ठेवलंस की मला फोन करायचा, आणि दूध उतरवेपर्यंत फोन ठेवायचा नाही. हे आईला चालण्यासारखं होतं, कारण फोनवर बोलणं म्हणजे पाळत नव्हे, असं तिचं मत आहे. तेव्हापासून रोज सकाळी ती फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते, पातेलं चढवते आणि बोलायला लागते. समोरच्या सुनेला नोकरी लागली. दादाच्या नातीची हळद आहे, मोठ्या स्टेजची. मी इकडे ठाण्यात फोन कानाला लावून बसते आणि तिच्या बोलण्यामागचं दूध ऐकते. आधी काहीच ऐकू येत नाही, मग बारीक सूं सूं, मग ते थांबतं. ते थांबलं की मी म्हणते, "आई, आलं." ती म्हणते, "दिसतंय मला." कंपनीने जो सेन्सर मागच्या डाव्या चुलीला दिला नाही तो मी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

परवा तिचं दूध यायला वेळ लागत होता. नवरा फिरायला गेला होता. आई दादाच्या घरच्या हळदीचं सविस्तर सांगत होती, डीजेच्या आवाजाने देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजली, आणि मी स्वयंपाकघराला लागूनच्या गॅलरीत बसून हसत होते. बोलता बोलता ती मध्येच थांबली.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं. "आलं का?"

"माझं नाही, तुझं. तुझं दूध उतू गेलं."

"काय?"

"आवाज आला मला. जा, आधी गॅस बंद कर. मग खिडकी उघड. लाइटच्या बटणाला हात लावू नकोस."

मी धावले. ओटाभर दूध झालं होतं, बर्नर विझला होता आणि गॅसचा वास सुटला होता. मी बटण फिरवलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि जमिनीवरच बसले. फोन अजून माझ्या हातातच होता. तिकडे आईने पातेलं उतरवून खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बंद केलास?"

"केला."

"विसरलीस ना?"

"विसरले नव्हते," मी म्हटलं. "पाठ होती माझी, एवढंच."

मी घाबरल्यावर बोलते त्याच आवाजात आई म्हणाली, "मला काही तुझं लक्षण ठीक दिसत नाही. तिकडे असं राहण्यात अर्थ नाही. दोघं इकडे या माझ्याकडे. वायरिंग झालेलंच आहे."

"बघू," मी म्हटलं.